वाजवता येईना, ब्रिज वाकडा

अभिनंदन! जागचा न हलणाऱ्या ब्रिजची साधी गिटार सोडून तुम्ही दांडीची गिटार घेतलीत. दुकानात विक्रेत्याने ती दांडी एकदा दाबून सोडली, सूर पार तळाशी लोळून परत वर आला आणि तुमचा हात आपोआप पाकिटाकडे गेला. वर आलेला सूर पूर्वीचाच होता का, हे ना त्याने तपासलं ना तुम्ही. योग्यच केलंत. असल्या शंका काढणारी माणसं शेवटी पेटी घेतात.

आता तुमची समजूत अशी असेल, की पुढचं काम म्हणजे ही गिटार सुरात ठेवणं. चूक. सुरात असलेली गिटार वाजवावी लागते. सोसायटीच्या गणपतीत ‘होऊन जाऊ द्या एखादं’ म्हणणारे काका दर मजल्यावर असतात, आणि तुम्हाला अजून एफ कॉर्डही धड लागत नाही. अशा वेळी ‘ब्रिजचा जरा प्रॉब्लेम आहे हो काका’ या वाक्याइतकं अब्रू राखणारं दुसरं काही नाही. फक्त ते खरं असायला हवं, आणि वर्षानुवर्षं खरं राहायला हवं. त्यासाठी हे मार्गदर्शन.

१. यंत्रणा समजून घ्या, पण अर्धीच

गिटार पालथी करा. पाठीवर प्लास्टिकची झाकणपट्टी दिसेल. तिचे स्क्रू काढा, पट्टी कुठेतरी ठेवा आणि कुठे ठेवली ते विसरा. आत स्प्रिंगा आहेत. त्यांचं एक टोक ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्यात, दुसरं ‘क्लॉ’ नावाच्या पत्र्याच्या पंजात. पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला. पुढून तारा ब्रिजला ओढतात, मागून स्प्रिंगा. दहाच्या गेजचा संच नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांची मिळून ओढ साधारण ४७ किलोपर्यंत जाते, आणि तिला तोलून धरायचं काम त्या बिचाऱ्या स्प्रिंगांचं. या ओढाताणीत ब्रिज अधांतरी तरंगत असतो. दांडी दाबली की तारा ढिल्या पडतात. सोडली की स्प्रिंगा ब्रिजला पूर्वीच्या जागी आणतात. पूर्वीच्या म्हणजे अगदी तिथेच. केसभर अलीकडे थांबला, तरी सहाच्या सहा तारा बेसूर.

इथपर्यंत कळलं की पुरे. तारेला वरच्या टोकाला, नटच्या खाचेतूनही सरकावं लागतं, ही माहिती तुमच्या कामाची नाही. ती ज्यांना कळते ती माणसं फार लवकर बरी होतात.

आणि हो, न्यूनगंड बाळगू नका. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर गिटारीबरोबर ही रचना बाजारात आणणारे लिओ फेंडर मूळचे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. न वाजवता ब्रिजकडे बघत बसण्याला इतकी थोर परंपरा आहे.

२. सगळं एका फेरीत उरका

सहावी तार ‘ई’ला आणा. ट्यूनरचा हिरवा दिवा लागला? छान. आता पाचवी ‘ए’ला आणा. ती चढवताना ओढ वाढली, ब्रिज किंचित पुढे झुकला आणि मघाची सहावी उतरली. तुम्हाला ते कळणार नाही, कारण तुमचं लक्ष पाचवीच्या हिरव्या दिव्यावर आहे. अशाच चौथी, तिसरी, दुसरी आणि पहिली लावा. मग मोठ्या आनंदाने सहाही तारा एकदम छेडा. जो आवाज येईल तो कागदावर उतरवण्याची सोय मराठी वर्णमालेत नाही.

काही जाणकार सांगतील, फेऱ्या मारत राहा. दर फेरीत घसरण कमी होते आणि चौथ्या-पाचव्या फेरीला ब्रिज स्थिरावतो. सांगू द्या. तुम्ही दुसऱ्या फेरीलाच ‘पीसच डिफेक्टिव्ह आहे’ असा निकाल द्या. शिवाय सूर जुळवताना तार नेहमी वरून खाली उतरवत आणा. खालून चढवत आणली तर खुंटीच्या दात्यांमधली ढिलाई निघून जाते आणि तार आणली तिथे टिकते. तो धोका कशाला पत्करायचा?

घरात तंबोरा लावणारी आत्या किंवा आजोबा असतील तर त्यांच्यासमोर हे करू नका. तंबोऱ्याची एक खुंटी पिळली म्हणून बाकीच्या तीन तारा मान टाकत नाहीत. तुमच्याकडे एक तार तुटली की उरलेल्या पाच वर चढतात, हे ऐकून त्यांना जी दया येईल ती तुम्हाला सोसणार नाही.

३. ‘टिक्’ ऐकू आलं तरी ऐकू नका

हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे, तेव्हा सावकाश घ्या.

तिसरी तार लावताय. खुंटी पिळता, सुई हलत नाही. आणखी थोडी पिळता, सुई ढिम्म. आणखी एक कणभर, आणि मानेच्या टोकाकडून बारीकसा ‘टिक्’ असा आवाज येतो. सुई एका उडीत ‘जी’ ओलांडून पलीकडे. आता उलटं पिळा. पुन्हा ढिम्म, ढिम्म, टिक्, आणि सुई ‘जी’च्या अलीकडे. मधोमध ती थांबतच नाही. अर्धा तास असा सहज जातो; चहा निवतो, दाराची बेल वाजून जाते.

आता या आवाजाचा अर्थ, केवळ तुम्हाला तो टाळता यावा म्हणून सांगतो. नट म्हणजे मानेच्या टोकाची ती हाडाची नाहीतर प्लास्टिकची पट्टी, जिच्या सहा खाचांमधून तारा खुंट्यांकडे जातात. तार त्या खाचेत अडकते आहे. खुंटी पिळली की सगळी ओढ खुंटी आणि नट यांच्या मधल्या वीतभर तारेत साठते, आणि पुरेशी साठली की तार झटक्याने सुटते. दांडीचंही तेच. दांडी दाबल्यावर ढिली पडलेली तार खाचेतून खुंटीकडे सरकते. दांडी सोडली की तिने परत यायचं असतं. ती वाटेतच अडकते आणि सूर थोडा चढाच राहतो. बोटाने तार ताणून बेंड घेतला तर उलटा प्रकार. खुंटीकडची थोडी तार इकडे ओढली जाते, परत जात नाही आणि सूर उतरलेला राहतो. दांडीनंतर चढा, बेंडनंतर उतरा. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तर शाळकरी पोरगाही दोष नटमध्ये आहे म्हणून सांगेल.

इलाज तर याहून लाजिरवाणा. तार थोडी ढिली करून खाचेतून बाजूला घ्यायची, मऊ पेन्सिल खाचेत घासायची (एचबीपेक्षा २बी बरी), तार परत बसवायची. पेन्सिलीची काळी भुकटी तारेला सरकायला मदत करते. तेवढ्याने भागलं नाही तर खाच तारेच्या मानाने अरुंद आहे. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे बारीक कानस असते, तो ती तारेच्या जाडीला आणून देतो. संपलं. एका संध्याकाळचंही काम नाही. म्हणजे गणपतीत वाजवणं आलंच.

तेव्हा ‘टिक्’ झालं की या क्रमाने संशय घ्या: ट्यूनरची बॅटरी, खुंट्या, तारांची कंपनी, हवामान, ब्रिज. ब्रिजपाशी पोहोचलात की तिथेच मुक्काम करा. आग रामेश्वरी असताना बंब सोमेश्वरी न्यायचा, तर सोमेश्वर नक्की कुठे आहे ते आधी ठरवून घेतलेलं बरं.

४. पंजाचे स्क्रू मनसोक्त फिरवा

ब्रिजची मागची कड लाकडापासून साधारण ३ मिलिमीटर वर असावी, अशी फेंडरची शिफारस असते. ती जास्त वर आली तर पंजाचे दोन्ही स्क्रू पाव-पाव वेढा आवळायचे, तारा पुन्हा सुरात आणायच्या, मग बघायचं. हे फारच संथ काम झालं. तुम्ही एक स्क्रू तीन वेढे आवळा, दुसऱ्याला हातही लावू नका, आणि तारा सुरात न आणताच निकाल बघा. पंजा तिरका होईल. तिरका पंजा मुद्दामच ठेवायचा असतो असं सांगणारेही भेटतात, त्यामुळे विचारलंच कुणी तर उत्तर तयार आहे.

पुढच्या बाजूला ज्या सहा स्क्रूंवर ब्रिज डोलतो, ते जीव खाऊन आवळा. डोलायला जागा राहिली नाही की ब्रिज परत येताना कुठेतरी अडखळतो, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडखळतो. हे महत्त्वाचं. दोष रोज एकाच जागी दिसला तर तो सापडण्याची भीती असते.

राहिला स्प्रिंगांचा प्रश्न. जागा पाचांची असते, बहुतेक जण तीन लावतात. तीन सरळ लावाव्यात की कडेच्या दोन तिरप्या, यावर एखादा मित्र गाठून बोलायला लागा. रात्रीचं जेवण होईल, गिटार पेटीतून बाहेरही यायची नाही.

५. तारा बदलताना

सहाही तारा एकदम कापा. कात्रीने कापल्या तर उत्तम, आवाज छान येतो. पुढची ओढ अचानक गेली की स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात आणि तो पोकळीत मान घालून बसतो. एकेक तार काढून लगेच नवी चढवली असती तर तोल फारसा बिघडला नसता. पण तोल सांभाळायलाच आपण इथे जमलेलो नाही.

मग गेज बदला. नऊच्या संचाची एकूण ओढ साधारण ३८ किलो, दहाच्या संचाची ४७. या नऊ किलोंचा हिशेब स्प्रिंगांना कुणी कळवत नाही, त्यामुळे ब्रिज दहाचे कपडे घालून नऊच्या मापाने उभा राहतो.

नवी तार चढवली की ताणू नका. बोटाने हलकेच ओढून ओढून ती आधीच सैलावून घेतली तर तिचं ताणणं त्याच दिवशी संपतं. न ताणता ठेवली तर ती पुढचे कित्येक दिवस रोज थोडी थोडी उतरत राहते, आणि रोज थोडा थोडा दोष ब्रिजला देता येतो. खुंटीवर वेढे भरपूर घ्या. बारीक तारांना दोन-तीन वेढे पुरतात, पण तुमच्या खुंटीवर सुताची गुंडीच दिसली पाहिजे.

६. खरेदी

जस्ताचा ठोकळा काढून स्टीलचा घाला. स्टीलचा काढून पितळेचा घाला. टायटॅनियमचाही मिळतो. मागे न कुरकुरणाऱ्या स्प्रिंगा, पुढे रोलरचा नट, वर लॉकिंग ट्यूनर. यातली कुठलीच वस्तू अगदी निरुपयोगी नाही, अडचण तीच आहे. एका वेळी एकच बदलली तर कशाने गुण आला हे समजून जाईल. म्हणून सगळ्या एकाच दिवशी मागवा आणि एकाच दिवशी बसवा. नटला लावायचं खास वंगणही छोट्या सुंदर नळीत विकत मिळतं; पेन्सिल मोहात पाडत असेल तर ते घ्या, कपाटात ठेवून द्या.

दांडी बदलायची असल्यास इथे आणखी एक सोय आहे. अमेरिकन स्ट्रॅटच्या दांडीचे आटे इंची मापाचे, बाहेर बनलेल्या बऱ्याच गिटारींचे मेट्रिक, आणि त्यातही ५ आणि ६ मिलिमीटर वेगळे. माप न बघता दांडी मागवा. जात नसेल तर जोर लावा. दोन-तीन वेढ्यांनंतर ती आत जाईल आणि बाहेर येणार नाही.

७. तरीही सुरात राहत असेल तर फ्लॉइड रोझ

हा उपाय खास चिवट विद्यार्थ्यांसाठी. फ्लॉइड रोझ नावाच्या अमेरिकन वादकाला दागिने घडवण्याच्या कामाचाही अनुभव होता. सत्तरच्या दशकात तो नटच्याच पाठीमागे लागला आणि तार नटपाशी करकचून आवळूनच टाकायची अशी युक्ती त्याने काढली. १९७९ साली तिचं पेटंट मिळालं. दुसरीकडे ब्रिजमध्येही तार आवळलेली. खाचेतून सरकण्याचा प्रश्नच मिटला. पुढे एडी व्हॅन हेलनसारख्या वादकाने ती दांडी कशीही दाबली, ओढली, तरी तारा मुकाट सुरात परतायच्या. एवढा गुणी ब्रिज बिघडवणार कसा, असं वाटून हताश होऊ नका. मार्ग आहेत.

नट आवळला की खुंट्या कामाच्या राहत नाहीत. मग सूर जुळवायला ब्रिजवर छोटे स्क्रू असतात. तंबोऱ्याच्या घोडीखालचे मणके जे काम करतात तेच यांचं, खुंटीने आणलेला सूर बारीक जुळवून घ्यायचा. नट आवळण्याआधी हे स्क्रू मध्यावर ठेवायचे असतात, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. तुम्ही ते पार तळापर्यंत आवळून ठेवा आणि मगच नट बंद करा. आठवड्याभरात तारा थोड्या उतरतील, स्क्रूंना पुढे जागा नसेल आणि नट उघडावा लागेल. त्यासाठी ३ मिलिमीटरची अॅलन की लागते. ती कुठे आहे? झाकणपट्टीशेजारी.

शक्यतो पहिलीच गिटार या ब्रिजची घ्या, आणि त्यातही स्वस्त नक्कल. तिथे ब्रिज दोन खांबांवर सुरीसारख्या कडेने टेकलेला असतो; धातू मऊ असला की ती कड झिजते, आणि झिजलेल्या कडेवर ब्रिज परत नेमका कुठे बसेल हे ब्रिजलाही सांगता येत नाही.

८. पावसाळा

मुंबईत किंवा कोकणात असाल तर जूननंतर तुम्ही काही करायची गरज नाही. तारांना गंज चढतो, लाकूड दमट होऊन मानेचा बाक बदलतो. गिटार खिडकीपाशी ठेवा आणि विश्रांती घ्या. हे कारण गोव्यात मात्र देऊ नका; त्याच हवेत तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या सुरात वाजवत आलेत, ते तोंडावर हसतील.

९. थोरांचे दाखले जवळ ठेवा

जिमी हेंड्रिक्सचं नाव आधी घ्या. १९६९ साली वुडस्टॉकला त्याने दांडी दाबून दाबून अमेरिकेच्या राष्ट्रगीतात बॉम्ब पाडले होते, आणि त्याच्याकडे लॉकिंग नट नव्हता, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये त्यालाही खुंट्या पिळाव्या लागत. ‘हेंड्रिक्सचीसुद्धा उतरायची’ हे वाक्य बैठकीत चांगलं चालतं. तो मधल्या वेळात खुंट्या पिळून पुढे वाजवत असे, हा भाग गाळा.

जेफ बेकचं नाव कुणी काढलं तर विषय बदला. त्या माणसाने स्ट्रॅटवर, लॉकिंग नट न लावता, तरंगत्या ब्रिजची दांडी तळहाताने अशी हलवली की एका सुरातून दुसऱ्यात मींड घेतल्यासारखी चाल निघते. १९८९ सालचं त्याचं ‘व्हेअर वेअर यू’ ऐकून पाहायला हरकत नाही, पण तुमची गिटार खोलीत असताना नको.

१०. ठोकळा

सगळं करून थकलात? होतं असं. आता तुम्ही शेवटच्या, सन्माननीय उपायापाशी आला आहात. एरिक क्लॅप्टनने आपल्या स्ट्रॅटच्या पाचही स्प्रिंगा ठेवून ब्रिजमागे लाकडाचा ठोकळा बसवला आणि ब्रिजचं हलणंच बंद करून टाकलं. तुम्हीही तेच करा. सुताराकडून ठोकळा कापून आणा, मागच्या पोकळीत घट्ट बसवा, दांडी काढून पिशवीत टाका. हलणाऱ्या ब्रिजसाठी जादा पैसे मोजून घेतलेली गिटार आता न हलणाऱ्या ब्रिजची झाली, आणि मधे तीन ठोकळे, एक रोलर आणि सहा ट्यूनर येऊन गेले.

आता तिसरी तार लावा, एक बेंड घ्या, सोडा. उतरली ना? वर ‘टिक्’ही झालं असेल. घाबरू नका, तुमचं यश कायम आहे. ब्रिज आता हलत नाही, तेव्हा उद्यापासून लाकडावर संशय घ्यायला हरकत नाही.

एकच विनंती. हे मार्गदर्शन गिटार शिकवणाऱ्या कुणाच्या हाती पडू देऊ नका. असली माणसं वरून शांत असतात. ती तुमच्या हातातून गिटार घेतील, खिशातली पेन्सिल काढतील, सहा खाचांत घासतील, तारा ताणून चार फेऱ्यांत सुरात आणतील आणि ‘हं, वाजवा’ म्हणत गिटार परत देतील. तिथून पुढे आम्ही तुम्हाला मदत करू शकत नाही.